मल्टिकास्ट सॉकेट: जॉइन इंटरफेससाठी, बाइंड सॉकेटसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लिनक्स मशीनवरून यूडीपीने (पोच न मागता पॅकेट्स पाठवणारा प्रोटोकॉल) २३९.१०.१.१ या मल्टिकास्ट ग्रुपवर, म्हणजे अनेक मशीन एकाच वेळी ऐकू शकतील अशा पत्त्यावर, पोर्ट ५००० वर सतत डेटा पाठवला जातो. घेणारा प्रोग्राम त्याच मशीनवर चालवला तर सगळं व्यवस्थित येतं. दुसऱ्या मशीनवर चालवला तर टीसीपीडंपमध्ये (येणारी-जाणारी पॅकेट्स दाखवणारं साधन) पॅकेट्स दिसतात, पण प्रोग्राम रिसीव्हफ्रॉमवर, म्हणजे पॅकेट वाचण्याच्या कॉलवर, अडकून बसतो. बाइंडचा (सॉकेटला पत्ता आणि पोर्ट बांधून देणारा कॉल) पत्ता बदल, इंटरफेस बदल असं करता करता कधी तरी चालू झालंच, तर चार-पाच मिनिटांनी डेटा आपोआप थांबतो. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला की परत चार-पाच मिनिटं चालतो. यात चूक कुठे आहे आणि असा प्रोग्राम मुळात लिहायचा कसा?

लक्षणं वेगवेगळी आहेत आणि त्यांची कारणंही वेगवेगळी निघतील. पण बहुतेक सगळ्यांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो. सॉकेटवर (प्रोग्रामचं नेटवर्ककडे उघडणारं दार) आयपी_ॲड_मेंबरशिप हा पर्याय लावला, म्हणजे ग्रुप जॉइन केला, की "माझं सॉकेट या ग्रुपचं सभासद झालं" असं वाटतं. नावावरून तसं वाटणं साहजिकच आहे. प्रत्यक्षात सभासद होतो तो मशीनचा एक ठरावीक नेटवर्क इंटरफेस. सॉकेट फक्त अर्ज करतं. त्या अर्जावरून कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तीन कामं करतो: इंटरफेसच्या यादीत ग्रुप नोंदवतो, नेटवर्क कार्डाला त्या ग्रुपच्या फ्रेम आत घ्यायला सांगतो आणि आयजीएमपीचा (ग्रुपचं सभासदत्व कळवणारा प्रोटोकॉल) रिपोर्ट बाहेर पाठवतो. आत आलेलं पॅकेट कोणत्या सॉकेटच्या हाती पडणार, हे प्रामुख्याने बाइंडवरून ठरतं. जॉइन आणि बाइंड ही दोन स्वतंत्र कामं आहेत, एकमेकांना न विचारता चालणारी. एवढं डोक्यात बसलं की पुढचा सगळा गुंता सुटायला लागतो.

ही रचना मुळातूनच अशी आहे. स्टीव्ह डीअरिंग यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना हे मॉडेल मांडलं आणि ऑगस्ट १९८९ मध्ये ते आरएफसी १११२ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) म्हणून आलं. त्यात सभासद होतो तो होस्ट. ग्रुपवर पाठवायला सभासद असावं लागत नाही, कुणीही पाठवू शकतं. ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे पाठवणाऱ्याला कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. म्हणून पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये जॉइन लिहिलेलं दिसलं तर ते काढून टाका. त्याने काम बिघडत नाही, पण वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

आता एका पॅकेटचा हात धरून पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत जाऊ.

पाठवताना पहिला प्रश्न: पॅकेट कोणत्या इंटरफेसने बाहेर पडणार? तुम्ही काहीच सांगितलं नाही तर कर्नल राउटिंग टेबलात २३९.१०.१.१ शोधतो. त्या ग्रुपसाठी वेगळा मार्ग सहसा लिहिलेला नसतो, त्यामुळे डिफॉल्ट रूटवाला इंटरफेस निवडला जातो. मशीनला एकच इंटरफेस असेल तर हे निभतं. वायर, वायफाय, व्हीपीएन आणि कंटेनरचे ब्रिज असे चार इंटरफेस असतील तर आज चाललेला प्रोग्राम उद्या व्हीपीएन लावल्यावर गप्प होतो. डिफॉल्ट रूटच नसेल तर सेंडटू थेट "नेटवर्क इज अनरीचेबल" म्हणतो. एका अर्थी हे बरं, निदान चूक दिसते तरी. म्हणून आयपी_मल्टिकास्ट_आयएफ नेहमी स्वतः लावा. त्याला इंटरफेसचा स्वतःचा आयपी पत्ता द्यायचा. लिनक्सवर आयपी_एमरेकएन ही रचना वापरून इंटरफेसचा क्रमांकही देता येतो. मला क्रमांक जास्त आवडतो, कारण डीएचसीपीने पत्ता बदलला तरी क्रमांक तोच राहतो. लिनक्सवर पाठवणारं सॉकेट इंटरफेसच्या पत्त्याला बाइंड केलं तरी मल्टिकास्ट त्याच इंटरफेसने जातं, पण ती कर्नलने मुद्दाम ठेवलेली सवलत आहे. दुसऱ्या सिस्टिमवर तिच्या भरवशावर राहू नका.

दुसरी गोष्ट टीटीएल, म्हणजे पॅकेट किती राउटरपर्यंत जाऊ शकतं तो आकडा. मल्टिकास्टसाठी तो मुळात १ असतो, म्हणजे पॅकेट पहिल्याच राउटरपाशी संपतं. तो वाढवायचा तर आयपी_मल्टिकास्ट_टीटीएल वापरावं लागतं. साध्या आयपी_टीटीएलचा मल्टिकास्टवर काहीही परिणाम होत नाही, आणि यात पुष्कळ जण फसतात. या पर्यायाला कोणत्या प्रकारचं मूल्य द्यायचं यातही खोच आहे. बीएसडीच्या परंपरेत ते एका बाइटचं, म्हणजे अनसाइन्ड कॅर असतं. लिनक्स इंटही (चार बाइटचा पूर्णांक) घेतो. लिनक्सवर इंट देऊन लिहिलेला कोड दुसऱ्या युनिक्सवर नेला की "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट" येऊ शकतं. एक बाइट दिलेला कोड युनिक्सवर सगळीकडे चालतो. आयपीव्ही६ मध्ये मात्र उलट आहे: तिथे आयपीव्ही६_मल्टिकास्ट_हॉप्सला इंटच लागतो.

तिसरा पर्याय आयपी_मल्टिकास्ट_लूप, आणि तुमच्या पहिल्या लक्षणाचा संबंध इथेच आहे. तो सुरुवातीपासून चालू असतो. म्हणजे पाठवलेल्या प्रत्येक पॅकेटची एक प्रत कर्नल त्याच मशीनवरच्या घेणाऱ्यांना परस्पर देतो. ही प्रत वायरवर जात नाही, स्विचला दिसत नाही, राउटरशी तिचा संबंध येत नाही. त्यामुळे एकाच मशीनवर पाठवणारा आणि घेणारा दोन्ही चालवून "चालतंय" म्हटलं, तर सिद्ध एवढंच होतं की ग्रुप आणि पोर्ट दोन्हीकडे सारखे आहेत आणि दोघांनी इंटरफेस एकच धरला आहे. नेटवर्कबद्दल त्यातून काहीच कळत नाही. युनिक्सवर हा पर्याय पाठवणाऱ्या सॉकेटवर लागू होतो. विंडोजवर तो घेणाऱ्याकडे लागू होतो. दोन्हीकडे चालणारा प्रोग्राम असेल तर हे लक्षात ठेवावं लागतं.

पॅकेट वायरवर आलं. आता त्याला इथरनेटचा पत्ता, म्हणजे मॅक पत्ता, हवा. आयपीव्ही४ मल्टिकास्टसाठी मॅक पत्त्याची सुरुवात ०१:००:५ई अशी ठरलेली आहे आणि पुढे ग्रुपच्या पत्त्यातले शेवटचे २३ बिट बसवतात. ग्रुप ओळखायला मात्र २८ बिट असतात. म्हणजे पाच बिट गळतात आणि ३२ वेगवेगळे ग्रुप एकाच मॅकवर येतात. २३९.१०.१.१, २३९.१३८.१.१ आणि २२४.१०.१.१ या तिघांचा मॅक एकच. नेटवर्क कार्ड आणि मॅक पाहून पुढे ढकलणारे स्विच यांना त्यांच्यातला फरक कळत नाही, तो पुढे कर्नललाच करावा लागतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की ग्रुप निवडताना थोडा विचार करा. स्वतःच्या नेटवर्कमध्ये वापरायला २३९ ने सुरू होणारे पत्ते राखलेले आहेत, त्यातून घ्या. पण २३९.०.०.१ किंवा २३९.१२८.०.१ असे दिसायला सोपे पत्ते टाळा. त्यांचा मॅक २२४.०.०.१ च्या मॅकशी जुळतो, आणि तो "सगळे होस्ट" या ग्रुपचा असल्याने स्विच त्या फ्रेम प्रत्येक पोर्टवर सोडतो. मग तुमचा डेटा ज्याला नको त्याच्याही कार्डावर जाऊन आदळतो. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ ही ओळ तर वापरूच नका. ती प्रोटोकॉलांसाठी आहे आणि टीटीएल कितीही ठेवला तरी राउटर ती पुढे पाठवत नाही.

आता स्विच. तुमचं "चार-पाच मिनिटांनी थांबतं" इथूनच येतं, असं मी जवळजवळ खात्रीने सांगू शकतो. कारण हेच दुखणं मी स्वतः निस्तरलंय.

एका ठिकाणी मोजमापाच्या यंत्रांचे आकडे मल्टिकास्टने आठ मशीनवर जायचे. जुना स्विच काढून चांगला, महागडा स्विच बसवला आणि त्या दिवसापासून डेटा थांबायला लागला. प्रोग्राम परत सुरू केला की चालायचा. सगळ्यांचा संशय प्रोग्रामवर. कुणीतरी त्यात "दहा सेकंद डेटा आला नाही तर ग्रुप सोडून पुन्हा जॉइन कर" असा तुकडाही घातला आणि त्याने लक्षण झाकलं गेलं. मी तो तुकडा काढला, घड्याळ घेऊन बसलो आणि प्रोग्राम सुरू केल्यापासून डेटा थांबेपर्यंतचा वेळ मोजला. ४ मिनिटं २० सेकंद. पुन्हा मोजला, पुन्हा तेवढाच. म्हणजे २६० सेकंद. आयजीएमपी माहीत असलेल्या माणसाला हा आकडा ओळखीचा आहे. नेटवर्कवर क्वेरी विचारण्याचं ठरलेलं अंतर १२५ सेकंद, त्याची दुप्पट २५०, आणि उत्तराला दिलेले १० सेकंद. इतक्या वेळात कुणी सभासद असल्याचं सांगितलं नाही, तर नोंद पुसायची असा नियम आहे.

घडत होतं ते असं. नव्या स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग चालू होतं. स्नूपिंग म्हणजे स्विच जाता येता आयजीएमपीचे संदेश वाचतो आणि ज्या पोर्टवरून रिपोर्ट आला त्याच पोर्टवर त्या ग्रुपचा डेटा सोडतो. प्रोग्राम सुरू झाला की जॉइनच्या वेळी कर्नल आपणहून रिपोर्ट पाठवतो. स्विच पोर्ट नोंदवतो, डेटा वाहायला लागतो. पुढे नोंद ताजी राहण्यासाठी कुणीतरी "या ग्रुपमध्ये अजून कोण आहे?" अशी क्वेरी अधूनमधून विचारली पाहिजे. कर्नल त्याला उत्तर देतो, पण विचारल्याशिवाय परत बोलत नाही. क्वेरी विचारण्याचं काम साधारणपणे मल्टिकास्ट राउटर करतो. त्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळं काढलेलं आभासी नेटवर्क) असा राउटरच नव्हता. विचारणारं कुणी नाही म्हणून उत्तर नाही, उत्तर नाही म्हणून २६० सेकंदांनी नोंद पुसली गेली. जुना स्विच स्नूपिंग जाणतच नव्हता, तो सगळीकडे सोडायचा, म्हणून तोवर कुणाला कळलं नाही.

तुमच्याकडे हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. घेणाऱ्या मशीनवर टीसीपीडंप फक्त आयजीएमपीसाठी लावा, मग प्रोग्राम सुरू करा. सुरुवातीला रिपोर्ट दिसेल. तो आवृत्ती ३ चा असेल तर २२४.०.०.२२ या पत्त्यावर जाताना दिसेल, आवृत्ती २ चा असेल तर थेट ग्रुपच्याच पत्त्यावर. त्यानंतर पाच मिनिटांत २२४.०.०.१ वर एकही क्वेरी आली नाही, तर निदान झालं. उपाय स्विचवर आहे: त्या व्हीलॅनसाठी स्विचचा स्वतःचा क्वेरिअर (क्वेरी विचारणारा) चालू करायचा. तो पर्याय नसेल तर लिनक्सच्या ब्रिजलाही क्वेरिअर करता येतं. स्नूपिंग बंद करणं हा शेवटचा मार्ग. कमी डेटा असलेल्या छोट्या नेटवर्कमध्ये तो चालून जातो, मोठ्यात सगळ्यांची वायर भरून टाकतो. आणि प्रोग्राममध्ये पुन्हा पुन्हा जॉइन करण्याचं ठिगळ लावू नका. प्रत्येक वेळी मधल्या काळातला डेटा जातो आणि खरी चूक कुणाला दिसत नाही.

क्वेरी येतेय, पण मशीनवर फायरवॉल आहे आणि तो आयजीएमपी अडवतोय, असंही होतं. आयजीएमपी हा यूडीपी नाही, टीसीपीही नाही. तो आयपीवरचा प्रोटोकॉल क्रमांक २ आहे. यूडीपीचं पोर्ट ५००० उघडलं म्हणून तो सुटत नाही, त्याला वेगळी परवानगी द्यावी लागते. दिसायला लक्षण तेच.

आता पॅकेट घेणाऱ्या मशीनच्या कार्डापाशी आलं. टीसीपीडंपमध्ये दिसतं पण प्रोग्रामला मिळत नाही, या तुमच्या दुसऱ्या लक्षणात घोडं पेंड खातं ते इथून पुढे.

आधी एक सावधगिरी. टीसीपीडंप साधारणपणे कार्डाला प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये टाकतो, म्हणजे कार्ड समोर येईल ते सगळं आत घेतं. त्यामुळे तुम्ही पाहत आहात हीच गोष्ट परिस्थिती बदलते. "टीसीपीडंप चालू असला की प्रोग्राम चालतो, बंद केला की थांबतो" ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. ती खरी असते आणि तिचा अर्थ असा की कार्डाच्या फिल्टरमध्ये त्या ग्रुपचा मॅक नाही. म्हणजे जॉइन झालं नाही, किंवा भलत्याच इंटरफेसवर झालं, किंवा कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये दोष आहे. '-पी' हा पर्याय देऊन टीसीपीडंप चालवला तर तो कार्डाला हात लावत नाही. मल्टिकास्ट तपासताना मी तो नेहमी देतो.

जॉइन नक्की कोणत्या इंटरफेसवर झालं ते कर्नललाच विचारा. लिनक्सवर /प्रॉक/नेट/आयजीएमपी ही फाइल वाचा. तिथे प्रत्येक इंटरफेसखाली त्याचे ग्रुप लिहिलेले असतात, पण हेक्समध्ये, आणि नेहमीच्या मशीनवर बाइटचा क्रम उलटा. २३९.१०.१.१ तिथे ०१०१०एईएफ असा दिसेल. आधी शेवटचा १, मग १, मग १० म्हणजे ०ए, आणि शेवटी २३९ म्हणजे ईएफ. एकदा हे वाचायची सवय झाली की दुसरं काही लागत नाही. नको असेल तर नेटस्टॅटचा '-जी' पर्याय हीच माहिती साध्या आकड्यांत देतो.

जॉइन करताना इंटरफेसच्या जागी आयएनॲडर_एनी दिलं असेल तर कर्नल पुन्हा राउटिंग टेबल बघून डिफॉल्ट रूटचा इंटरफेस उचलतो. "एनी" वाचून "सगळे इंटरफेस" असं वाटतं, पण इथे त्याचा अर्थ "तूच एक निवड" असा आहे. सगळे हवे असतील तर प्रत्येक इंटरफेससाठी वेगळं जॉइन करावं लागतं, आणि एकाच सॉकेटवर ते करता येतं. त्याच ग्रुपसाठी त्याच इंटरफेसवर दुसऱ्यांदा केलं तर "ॲड्रेस ऑलरेडी इन यूज" मिळतं. हा संदेश बाइंडचा वाटतो, म्हणून कोणत्या कॉलवर आला ते नीट पाहा. ग्रुपकडे जाणारा मार्गच नसेल तर लिनक्स "नो सच डिव्हाइस" म्हणतो. इंटरफेस तर समोर आहे, मग हा संदेश कसा, याने लोक चक्रावतात. एका सॉकेटवर किती ग्रुप जॉइन करता येतील यालाही मर्यादा आहे. लिनक्सवर ती मुळात २० असते आणि आयजीएमपी_मॅक्स_मेंबरशिप्स या सेटिंगने वाढते.

जॉइन योग्य इंटरफेसवर आहे, '-पी' देऊनही पॅकेट दिसतंय, तरी प्रोग्राम कोरडा. अशा वेळी मी तीन ठिकाणी बघतो.

पहिलं आरपी_फिल्टर. कर्नल आलेल्या पॅकेटचा उगम पत्ता पाहतो आणि विचार करतो: या पत्त्याला उत्तर द्यायचं झालं तर मी कोणत्या इंटरफेसने देईन? उत्तर वेगळ्या इंटरफेसचं आलं तर कडक मोडमध्ये पॅकेट गुपचूप फेकून देतो. दोन इंटरफेस असलेल्या मशीनवर हे हमखास घडतं. समजा डिफॉल्ट रूट पहिल्या इंटरफेसवर आहे, डेटा दुसऱ्यावर येतो, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता दुसऱ्या इंटरफेसच्या सबनेटमधला नाही. कर्नलच्या मते हे पॅकेट चुकीच्या दाराने आलं. टीसीपीडंप याच्या आधीच्या टप्प्यावर ऐकतो म्हणून त्याला ते दिसतं. एनस्टॅटमध्ये (कर्नलच्या मोजण्या दाखवणारी आज्ञा) आयपीरिव्हर्सपाथफिल्टर हा मोजणीचा आकडा वाढत असेल तर चोर सापडला. चांगला उपाय म्हणजे पाठवणाऱ्याच्या सबनेटचा मार्ग त्या इंटरफेसवर लिहिणं. नाही तर आरपी_फिल्टर २ करा, म्हणजे सैल मोड. इथे "ऑल" आणि त्या इंटरफेसचं मूल्य, या दोन्हींतलं मोठं लागू होतं. त्यामुळे इंटरफेसवर ० लिहूनही "ऑल" मध्ये १ असेल तर काही बदलत नाही.

दुसरं ठिकाण फायरवॉल. तोही टीसीपीडंपच्या नंतर लागतो. "मी विचारलं त्याचंच उत्तर येऊ दे" या प्रकारचे नियम मल्टिकास्टला लागू पडत नाहीत, कारण इथे प्रोग्रामने आधी कुणाला काही विचारलेलं नसतं. नियम स्पष्ट लिहावा लागतो.

तिसरं ठिकाण बाइंड. तुम्ही बाइंडचे पत्ते बदलून पाहिले असं प्रश्नात आहे, म्हणून नीट सांगतो. घेणारं सॉकेट इंटरफेसच्या स्वतःच्या पत्त्याला, समजा १९२.१६८.१.२० ला बाइंड केलं, तर लिनक्सवर त्याला एकही मल्टिकास्ट पॅकेट मिळणार नाही. बाइंड हा पॅकेटच्या गंतव्य पत्त्यावरचा फिल्टर आहे, आणि मल्टिकास्ट पॅकेटचा गंतव्य पत्ता २३९.१०.१.१ असतो. इंटरफेस निवडण्यासाठी बाइंड वापरायचं नसतं, ते काम जॉइनचं. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की कोड मागवला की सर्वात आधी तीच ओळ वाचतो. तसंच घेणाऱ्या सॉकेटवर ग्रुपच्या पत्त्यावर कनेक्ट करू नका. यूडीपीत कनेक्ट म्हणजे "फक्त याच पत्त्याकडून आलेलं दे". ग्रुपचा पत्ता कधीच कुणाचा उगम पत्ता नसतो, त्यामुळे सॉकेट कायमचं रिकामं राहतं.

मग बाइंड कशाला करायचं? दोन पर्याय उरतात: आयएनॲडर_एनी किंवा थेट ग्रुपचा पत्ता. युनिक्सवर मी ग्रुपचाच पत्ता देतो, आणि त्याला सबळ कारण आहे. समजा एका मशीनवर दोन प्रोग्राम आहेत. एक २३९.१०.१.१ ऐकतो, दुसरा २३९.१०.१.२, आणि पोर्ट दोघांचं ५०००. दोघांनी आयएनॲडर_एनीला बाइंड केलं असेल तर लिनक्सवर दोघांना दोन्ही ग्रुपचा डेटा मिळतो. दोन्ही ग्रुप इंटरफेसवर आत येतात, आणि "कोणताही गंतव्य पत्ता चालेल" असं दोन्ही सॉकेट म्हणत आहेत. जॉइन इंटरफेसचं असतं ते असं. चाचणी आणि खरा डेटा एकाच पोर्टवर वेगवेगळ्या ग्रुपने जात असतील, तर चाचणीचे आकडे खऱ्या प्रोग्राममध्ये घुसतात आणि हा धोका लहान नाही. लिनक्स २.६.३१ पासून आयपी_मल्टिकास्ट_ऑल हा पर्याय आहे. तो ० केला की सॉकेटला फक्त त्याने स्वतः जॉइन केलेल्या ग्रुपचा डेटा मिळतो. एका सॉकेटवर अनेक ग्रुप ऐकायचे असतील तर ग्रुपला बाइंड करता येत नाही, तेव्हा हा पर्याय लावाच. शिवाय आयपी_पीकेटीइन्फो चालू करून रिसीव्हएमएसजीने वाचलं तर प्रत्येक पॅकेट कोणत्या ग्रुपवर आणि कोणत्या इंटरफेसवर आलं ते सोबत कळतं. बीएसडीवर त्याच कामासाठी आयपी_रिसीव्हडीएसटीॲडर आणि आयपी_रिसीव्हआयएफ आहेत. विंडोजवर ग्रुपच्या पत्त्याला बाइंड होत नाही, तिथे एनी देऊन स्वतः तपासावं लागतं.

एकाच पोर्टवर अनेक प्रोग्राम ऐकणार असतील तर बाइंडच्या आधी एसओ_रीयूजॲडर लावा, आणि सगळ्या प्रोग्राममध्ये लावा. एकाने जरी नाही लावलं तरी दुसऱ्याचा बाइंड फसतो. लिनक्सवर एवढं पुरतं. बीएसडी आणि मॅकओएसवर एनीला बाइंड करत असाल तर एसओ_रीयूजपोर्ट हवं. मल्टिकास्ट पॅकेटची प्रत अशा प्रत्येक सॉकेटला मिळते. युनिकास्ट मात्र एकालाच मिळतं, म्हणून त्याच सॉकेटवर दोन्ही घेऊ नका.

म्हणजे घेणाऱ्याचा क्रम असा होतो: यूडीपी सॉकेट उघडा, रीयूजॲडर लावा, रिसीव्ह बफर वाढवा, ग्रुप आणि पोर्टला बाइंड करा, मल्टिकास्ट_ऑल ० करा, मग इंटरफेस स्पष्ट सांगून जॉइन करा. बाइंडच्या आधी जॉइन केलं तरी चालतं, पण बाइंड फसल्यास नेटवर्कवर उगाच रिपोर्ट गेलेला असतो. प्रोग्राम कोसळला तरी ग्रुप सोडण्याची काळजी नको. सॉकेट बंद झालं की कर्नल ते करतो, आणि त्या इंटरफेसवर तो ग्रुप कुणालाच नको असेल तेव्हाच बाहेर तसं सांगतो.

नवा कोड लिहीत असाल तर आयपी_ॲड_मेंबरशिप ऐवजी एमकास्ट_जॉइन_ग्रुप वापरा. आरएफसी ३६७८ मधला हा पर्याय आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींना एकच आहे आणि इंटरफेस क्रमांकानेच घेतो. त्याचा भाऊ एमकास्ट_जॉइन_सोर्स_ग्रुप. त्यात "या ग्रुपवर फक्त या पाठवणाऱ्याकडून आलेलं दे" असं सांगता येतं. ग्रुपवर कुणीही पाठवू शकतं हे वर म्हटलं, त्यामुळे पाठवणारा ठरलेला असेल तर हा दरवाजा जरूर लावून घ्या. त्यासाठी २३२ ने सुरू होणारे पत्ते राखलेले आहेत आणि नेटवर्कला आयजीएमपी आवृत्ती ३ यावी लागते.

बफरबद्दल थोडं, कारण सगळं जुळल्यावर पुढची तक्रार हीच येते: "मधली पॅकेट्स गायब." मल्टिकास्ट यूडीपीवर चालतं, कुणी पुन्हा पाठवणार नाही. एसओ_रिसीव्हबफने ४ एमबी मागितले तरी लिनक्स आरमेम_मॅक्सच्या वर देत नाही. ती मर्यादा पुष्कळ मशीनवर २१२९९२ बाइट असते, आणि कॉल तरीही यशस्वीच दिसतो. म्हणून गेटसॉकऑप्टने परत वाचून बघा. कर्नल दिलेला आकडा दुप्पट करून सांगतो, तेव्हा ४२५९८४ दिसलं तर समजा मर्यादेला डोकं आपटलं. /प्रॉक/नेट/यूडीपी मध्ये शेवटचा रकाना त्या सॉकेटने टाकलेली पॅकेट्स मोजतो. एका पॅकेटमधला डेटा १४७२ बाइटच्या आत ठेवा. त्यावर गेलात तर साध्या इथरनेटवर त्याचे तुकडे होतात, आणि एक तुकडा हरवला की अख्खं पॅकेट गेलं. प्रत्येक पॅकेटमध्ये क्रमांक घाला, तो पहिल्या दिवसापासून. त्याशिवाय काय हरवलं हे कधीच कळत नाही.

वायफायवर मल्टिकास्टची अपेक्षा कमी ठेवा. ॲक्सेस पॉइंट ते सहसा कमी वेगाने पाठवतो आणि त्याला पोच मागत नाही. वायरवर हजारात एक न हरवणारा डेटा तिथे सहज गळतो.

शेवटी एक प्रकार, जो चाचणीत कधी दिसत नाही आणि महिन्यांनी उगवतो. इंटरफेस खाली-वर झाला तर लिनक्स जॉइन टिकवतो. पण इंटरफेस नष्ट होऊन पुन्हा तयार झाला, उदाहरणार्थ यूएसबीचं कार्ड काढून लावलं किंवा व्हीलॅन नव्याने बनवला, तर नव्या इंटरफेसचा क्रमांक वेगळा असतो आणि त्यावर तुमचा ग्रुप नसतो. सॉकेट जिवंत असतं, त्रुटी येत नाही, डेटाही येत नाही. दीर्घकाळ चालणाऱ्या प्रोग्राममध्ये नेटलिंकचं (कर्नल प्रोग्रामला बदल कळवतो ती वाट) एक सॉकेट उघडून इंटरफेसचे बदल ऐका, आणि त्याच नावाचा इंटरफेस परत आला की त्याच्या नव्या क्रमांकावर पुन्हा जॉइन करा. पाठवणाऱ्यालाही मल्टिकास्ट_आयएफ तेव्हाच नव्याने लावावं लागतं.